निर्णयाच्या वेळी उपयोगी पडतील अशी तत्त्वं कशी लिहायची?

नोकरी बदलावी का, नातं टिकवावं की थांबवावं, म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहावं की काम नेईल तिकडे जावं, मित्राला पुन्हा उसने पैसे द्यावेत का. अशा प्रश्नापाशी माणूस अडला की "तुझ्या तत्त्वांना धरून चाल" हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला वाईट नाही. पण बहुतेकांनी आपली तत्त्वं कधी लिहिलेली नसतात, आणि लिहिलीच तर 'प्रामाणिकपणा, कुटुंब, प्रगती, समाधान' अशी शब्दांची रांग तयार होते. त्या रांगेकडे कितीही वेळ पाहिलं तरी नोकरीचा प्रश्न सुटत नाही, कारण चारही शब्द दोन्ही बाजूंना लागू पडतात. जायचं तेही प्रगतीसाठी आणि कुटुंबासाठी, राहायचं तेही समाधानासाठी आणि कुटुंबासाठीच.

तत्त्व कामाचं आहे का, हे ओळखायची माझ्या मते एकच खूण आहे: ते पाळण्यासाठी काय सोडावं लागेल, हे त्यात लिहिलेलं असतं. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका खुणेभोवती फिरतात. लागणारं साहित्य म्हणजे एक वही आणि दोन-तीन निवांत संध्याकाळी. फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल, फक्त प्रत्येक नोंदीवर तारीख टाका.

पायरी १: आधी मागे पाहा

मूल्यांची छापील यादी घ्यायची आणि त्यातले जवळचे वाटणारे शब्द निवडायचे, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी शिकवतात. सुरुवात तिथून करू नका. यादीतला प्रत्येक शब्द चांगलाच असतो, त्यामुळे आपण कसे आहोत यापेक्षा आपल्याला कसं दिसायला आवडेल हेच निवडलं जातं.

त्याऐवजी गेल्या काही वर्षांतले सात-आठ निर्णय लिहून काढा. त्यांत तीन प्रकार हवेत. एक, जे महागात पडले तरी आजही बरं वाटतं असे. दोन, ज्यांनी फायदा झाला पण आठवण आली की आत काहीतरी टोचतं असे. तीन, जे तुम्ही घेतलेच नाहीत, उशीर करत राहिलात आणि शेवटी वेळेनेच घेतले. तिसऱ्या प्रकाराकडे लोक पाहत नाहीत, पण माहिती तिथेच जास्त सापडते.

प्रत्येक निर्णयाखाली तीन ओळी लिहा: काय मिळालं, काय सोडलं, आणि त्या वेळी भीती कशाची होती. 'सोडलं' ही ओळ रिकामी राहत असेल तर तो निर्णय खरा निर्णय नव्हता, तो सोयीने घडला. तो खोडून दुसरा घ्या.

मग महिन्याभराचं कॅलेंडर आणि बँकेचं स्टेटमेंट काढा. हे दोन कागद कुणाची भीड ठेवत नाहीत. 'आरोग्य माझ्यासाठी सगळ्यात आधी' असं म्हणणाऱ्याचा महिनाभरातला एकही तास शरीरासाठी गेलेला नसेल, तर आरोग्य ही त्याची इच्छा आहे, तत्त्व अजून झालेलं नाही. यात अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही. इच्छा वेगळ्या पानावर लिहा, म्हणजे त्या तत्त्वांच्या पानावर गर्दी करणार नाहीत.

आणखी दोन सुगावे सांगतो, दोन्ही जरा अडचणीचे. राग आणि हेवा. गोष्ट छोटी असताना तुम्हाला प्रमाणाबाहेर राग आला, म्हणजे कुणाचा तरी पाय तुमच्या एखाद्या न लिहिलेल्या तत्त्वावर पडला. आणि हेवा कुणाच्या नेमक्या कशाचा वाटतो ते पाहा. श्रीमंत मित्राच्या पैशांचा हेवा वाटतो, की त्याला कुणाला विचारावं लागत नाही याचा? दोन्हींतून निघणारी तत्त्वं अगदी वेगळी असतात.

पायरी २: हा आवाज कुणाचा?

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण सगळ्यांना पाठ असते. ती सांगते तेवढं सोपं मात्र नाही, कारण मनात अर्धे जनच बसलेले असतात. वडिलांचं वाक्य, शाळेतल्या बाईंचा दरारा, मित्रांची टिंगल, वर्षानुवर्षं ऐकून हे सगळं आपल्याच आवाजात बोलायला लागतं.

पहिल्या पायरीतून जी तत्त्वं डोकावली, त्या प्रत्येकाला विचारा: हे मी मोडलं आणि जगात कुणालाही कधीच कळलं नाही, तर मला काय वाटेल? सुटका वाटत असेल, तर तो बहुधा दुसऱ्याचा नियम आहे आणि तुम्ही फक्त त्याचे पहारेकरी आहात. कळलं नाही तरी खटकत असेल, तर त्यात तुमचं काही आहे. 'बहुधा' म्हटलं, कारण ही कसोटी फसू शकते. लहानपणापासून बिंबवलेली लाज एकटेपणीही पाठ सोडत नाही. म्हणून जोडीला दुसरा प्रश्न ठेवा: माझ्या जिवाभावाच्या, वयाने लहान माणसाने हेच तत्त्व पाळावं असं मला वाटतं का? स्वतःला ज्या नियमात जखडून ठेवलं, तोच धाकट्या बहिणीला लावताना जीभ अडखळत असेल तर तिथे थांबून विचार करा.

वारशाने आलेलं ते खोटं, असं मात्र समजू नका. अस्सल जगणं म्हणजे बंड, हा गैरसमज नव्याने या वाटेला लागलेल्यांत फार दिसतो. घरच्यांना विरोध म्हणूनच जो प्रत्येक गोष्ट उलटी करतो, तोही घरच्यांच्याच मतावर चालतो, दिशा तेवढी उलटी. आईकडून आलेलं एखादं तत्त्व पारखून, पटलं म्हणून, स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहिलं की ते तुमचं झालं.

पायरी ३: शब्द नको, पूर्ण वाक्य लिहा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. साचा असा: 'अमुक आणि तमुक यांतून एकच मिळणार असेल, तर मी अमुक घेईन, तमुक जाऊ देईन.'

वाक्य लिहून झालं की त्याच्या नेमकं उलट वाक्य लिहा आणि पाहा, एखादा समंजस, भला माणूस हे उलटं वाक्य मनापासून स्वीकारू शकेल का? स्वीकारू शकत असेल, तर तुमचं वाक्य खरोखर काही निवडतं आहे. 'मी प्रामाणिक राहीन' याच्या उलट 'मी लबाडी करेन' असं कुणी वहीत लिहीत नाही. म्हणजे मूळ वाक्य घोषणा आहे. आता हे पाहा: 'वाईट बातमी मी लवकर आणि सरळ सांगेन, समोरचा दुखावला तरी.' याच्या उलट: 'वाईट बातमी मी समोरचा सावरलेला असेल तेव्हाच सांगेन, उशीर झाला तरी.' दोन्ही बाजूंना भली माणसं सापडतील. यांतलं कुठलं तुमचं, हे ठरवलंत की प्रामाणिकपणाबद्दल पहिल्यांदा काहीतरी ठरलं.

आणखी काही नमुने देतो. ते उतरवून घेऊ नका, घडण पाहा.

'ज्या कामात शिकणं थांबलं ते मी सोडेन, पुढच्या कामात उत्पन्न कमी असलं तरी. घराची जबाबदारी एकट्या माझ्यावर असेल तेव्हा हे लागू नाही.'

'दिलेला शब्द मी पाळेन, त्यापेक्षा चांगली संधी नंतर चालून आली तरी.'

'जवळच्या माणसाला पैसे द्यायचे तर परत येणार नाहीत असं धरूनच देईन. तेवढे देणं झेपत नसेल तर नाही म्हणेन.'

पहिल्या नमुन्यातली अट लक्षात घ्या. अटी घातल्याने तत्त्व पातळ होत नाही, उलट ते कधी वापरायचं ते कळतं. 'नेहमी' आणि 'कधीच नाही' हे शब्द मात्र जपून वापरा. घसरण हळूहळू होते आणि मागे फिरणं अवघड असतं, अशा एक-दोन जागांसाठीच ते राखून ठेवा, उदाहरणार्थ 'खोट्या कागदावर सही कधीच नाही.' अशी पक्की रेघ पाळायला एका अर्थी सोपी असते, कारण दर वेळी स्वतःशी वाद घालावा लागत नाही.

किती तत्त्वं लिहावीत? अमेरिकेचे मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी १३ सद्गुणांची यादी केली होती. प्रत्येकाला वहीचं एक पान, पानावर आठवड्याचे वार, चूक झाली की काळा ठिपका. आठवड्याला एका सद्गुणाकडे खास लक्ष द्यायचं, म्हणजे १३ आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. त्यांतला व्यवस्थितपणा त्यांना अखेरपर्यंत जमला नाही, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. एवढी चिकाटी असलेल्या माणसाची ही गत, तर आपण चार-पाचांवर थांबलेलं बरं. निर्णयाच्या वेळी वही न उघडता आठवतील तेवढीच कामाची.

पायरी ४: त्यांच्यात भांडण लावून पाहा

तत्त्वं एकेकटी असताना सगळी शहाणी वाटतात. म्हणून त्यांच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीसाठी असा प्रसंग लिहा, ज्यात दोन्ही एकदम पाळता येणार नाहीत. वर दिलेल्या नमुन्यांतलाच घ्या: शब्द दिला आहे की हे काम वर्षभर करेन, आणि चार महिन्यांतच शिकणं थांबलं. आता?

ही ओढाताण मनाची दुर्बलता आहे असं वाटून घेऊ नका. मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये अनेक देशांतल्या लोकांच्या उत्तरांवरून मूलभूत मूल्यांचे १० प्रकार मांडले, तेही वर्तुळात. शेजारची मूल्यं एकमेकांना पूरक, समोरासमोरची एकमेकांना ओढणारी. स्वतःच्या विचाराने चालण्याच्या आणि नवं करून पाहण्याच्या समोर सुरक्षितता, रीत सांभाळणं आणि परंपरा येतात. यश आणि सत्ता यांच्या समोर इतरांचं भलं येतं. म्हणजे ज्याला दोन्हीकडची मूल्यं प्रिय आहेत, त्याला ओढ बसणारच. त्याआधी मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच यांनी १९७३ च्या सुमारास जी चाचणी प्रसिद्धीला आणली, तीत १८-१८ मूल्यांच्या दोन याद्या होत्या. कुठली मूल्यं आवडतात असं त्यांनी विचारलंच नाही, क्रम लावायला सांगितला. क्रम लावताना जो त्रास होतो तोच या पायरीचा उपयोग.

काही भांडणं मात्र कुठल्याही क्रमाने मिटत नाहीत. फ्रेंच तत्त्वज्ञ जाँ-पॉल सार्त्र यांनी १९४५ च्या एका व्याख्यानात आपल्या एका विद्यार्थ्याची हकिगत सांगितली होती. युद्धाचा काळ, थोरला भाऊ जर्मन हल्ल्यात मारला गेलेला, आई या मुलाच्या आधारावर जगत असलेली. देशासाठी लढायला निघून जावं की आईपाशी राहावं? सार्त्र यांचं म्हणणं असं की कुठलंही तयार नीतिशास्त्र त्याला उत्तर देऊ शकत नव्हतं. त्यांचा आणखी एक मुद्दा मला जास्त उपयोगी वाटतो: सल्ला कुणाकडे मागायला जायचं हे निवडलं, तेव्हाच कसला सल्ला मिळणार हे माणसाला साधारण ठाऊक असतं. तेव्हा पुढच्या वेळी मोठ्या पेचात असाल तर सगळ्यात आधी फोन कुणाला लावावासा वाटला ते वहीत टिपा. तुमचा कौल तिथेच लागलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

पायरी ५: जर-तर

तत्त्व कागदावर ठरतं आणि गडबडीत मोडतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ च्या लेखात यावर साधी युक्ती मांडली, ती पुढे बऱ्याच प्रयोगांत उपयोगी ठरली: 'मी हे करेन' असं नुसतं ठरवण्यापेक्षा 'जर अमुक घडलं, तर मी तमुक करेन' असं ठरवायचं. प्रसंग आणि कृती यांची गाठ आधीच बांधलेली असते.

प्रत्येक तत्त्वाखाली एक-दोन अशी वाक्यं लिहा. 'जर कुणी फोनवर लगेच होकार मागितला, तर मी उद्या कळवेन असं म्हणेन.' 'जर रागात निरोप टाइप केला, तर तो सकाळपर्यंत पाठवणार नाही.' इतकंच.

पायरी ६: प्रत्यक्ष निर्णय घेताना

रोजच्या बारीकसारीक निवडींसाठी वही उघडू नका. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी दाखवून दिलं की माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा चांगला सापडला की थांबतो. बहुतेक निर्णयांसाठी हेच शहाणपणाचं आहे. वही अशा निर्णयांसाठी, जे फिरवता येत नाहीत किंवा ज्यांची झळ दुसऱ्या कुणाला बसणार आहे.

अशा निर्णयासाठी फ्रँकलिन यांनीच १७७२ मध्ये शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांना पत्रातून सुचवलेली रीत अजून चालते. प्रीस्टली यांच्यापुढे नव्या पदाचा प्रश्न होता. फ्रँकलिन यांनी लिहिलं की काय ठरवायचं ते मी सांगू शकत नाही, कसं ठरवायचं ते सांगतो. कागदावर मधोमध रेघ मारायची. एका बाजूला अनुकूल, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल कारणं, सुचतील तशी तीन-चार दिवस लिहीत राहायची. मग सारख्या वजनाची कारणं दोन्हीकडून खोडायची. इकडचं एक तिकडच्या दोघांच्या तोडीचं वाटलं, तर तिन्ही खोडायची. उरेल त्यावरून ठरवायचं.

तीन-चार दिवस घेण्यातच या रीतीचा जीव आहे, कारण सगळी कारणं एका वेळी डोळ्यांसमोर येत नाहीत. सोमवारी राग बोलतो, बुधवारी भीती. पण कारणांचं वजन कशावर करायचं, हे कागद सांगत नाही. तिथे तुमची तत्त्वं लागतात. चार्ल्स डार्विन यांनी १८३८ मध्ये लग्न करावं की नाही यावर अशीच दोन रकान्यांची टिपण केली होती. लग्न न करण्याच्या बाजूला कारणं भरपूर: मोकळीक, प्रवास, वाचायला वेळ, खर्चाची चिंता नाही. तरी निकाल लग्नाच्या बाजूने गेला, कारण आयुष्यभर फक्त काम आणि काम, शेवटी काहीच नाही, ही कल्पना त्यांना सोसवेना. पुढच्या जानेवारीत त्यांचं लग्न झालं. मोजणीत हरलेली बाजू वजनात जिंकली. तेव्हा रकाने भरून झाले की प्रत्येक कारणापुढे ते तुमच्या कुठल्या तत्त्वाशी जोडलेलं आहे ते लिहा. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही, ते कारण हलकं.

गुंता सुटत नसेल तर पेच मित्राचा आहे असं समजून, स्वतःचं नाव घेऊन, तृतीयपुरुषी लिहून पाहा. मानसशास्त्रज्ञ इगोर ग्रॉसमन आणि इथन क्रॉस यांच्या २०१४ च्या अभ्यासात असं दिसलं की माणसं स्वतःच्या प्रश्नापेक्षा मित्राच्या प्रश्नावर जास्त शहाणपणाने विचार करतात, आणि स्वतःकडे असं लांबून पाहायला सांगितलं की हा फरक मावळतो.

निर्णय झाला की निकाल कळण्याआधी पाच ओळी लिहा: काय निवडलं, कुठल्या तत्त्वावर, काय सोडलं, तेव्हा काय माहीत होतं, झोप आणि मन कसं होतं. निकाल कळल्यावर आठवण स्वतःला सोयीची होते. चांगला निर्णय दुर्दैवाने फसू शकतो आणि बेफिकीर निर्णय नशिबाने तरून जातो. या पाच ओळी नसतील तर दोन्हींत भेद करता येत नाही.

पायरी ७: मोडलं तर, आणि बदलायचं तर

तत्त्व मोडणं आणि तत्त्व बदलणं या वेगवेगळ्या दिवसांच्या गोष्टी आहेत. मोह समोर उभा असताना तत्त्वात दुरुस्ती करायची नाही. त्या वेळी पाळा किंवा मोडा, पण मोडलंत तर 'मोडलं' असंच लिहा. दुरुस्ती नंतर, डोकं थंड असताना, तारखेसह. जुनं वाक्य खोडा पण वाचता येईल असं ठेवा.

एकच तत्त्व वारंवार मोडत असेल तर दोन शक्यता आहेत. ते तुमचं नसेल (पुन्हा पायरी २), किंवा त्याची किंमत तुम्ही लिहिली त्यापेक्षा जास्त असेल. आणि 'इतकी वर्षं पाळलं' हे पुढे पाळायचं कारण होत नाही. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये केलेल्या प्रयोगात लोकांना कल्पना करायला सांगितली की दोन सहलींची तिकिटं काढली आहेत, एक महाग आणि एक स्वस्त, पण मजा स्वस्त सहलीत जास्त येणार आहे. दोन्हींच्या तारखा एकच निघाल्या. निम्म्याहून जास्त लोकांनी महाग सहल निवडली, पैसे दोन्हींचे गेलेले असूनही. तत्त्वांच्या बाबतीतही हेच होतं, फक्त पैशांच्या जागी वर्षं असतात.

राहिला दुसऱ्यांचा प्रश्न. 'मी आहे हा असा आहे' हे वाक्य अस्सलपणाच्या नावाखाली बरंच वापरलं जातं. त्यात निवड कुठलीच नसते, कारण बोलणारा स्वतः काहीच सोडत नाही, सोसतात ते आजूबाजूचे. तुमच्या यादीवरून एकदा याच नजरेने हात फिरवा: प्रत्येक तत्त्वापुढे त्याची किंमत कोण मोजणार ते नाव लिहा. सगळीकडे दुसऱ्यांचीच नावं आली तर पायरी ३ पुन्हा करा.

एखाद-दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याचं नाव येणारच. अशा वेळी पूर्ण वही दाखवायची गरज नाही, पण ते एक वाक्य त्या माणसाला वेळ येण्याआधी सांगून ठेवा. 'सुट्टीच्या दिवशी मी कामाचे फोन घेत नाही' हे सहकाऱ्याला सोमवारी सांगितलं तर तो पर्यायी सोय करू शकतो. सुट्टीच्या दिवशी त्याचे चार फोन न उचलता मंगळवारी सांगितलं, तर त्याला तत्त्व दिसत नाही, आणि त्यात त्याची चूकही नसते.